पाण्यापर्यंतची गाडी

३ फेब्रुवारी

मास्तर,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं, म्हणून आधी हात धुतले आणि मग फोडलं. मी बरी आहे. गॅरेज चालू आहे. सकाळी थंडीमुळे पाना हातात धरवत नाही, एवढीच तक्रार. तुमच्या गुडघ्यांविषयी तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणजे ते बरे नसणार. दुकानात उभं राहून कापड कापायचं बंद करा. बसून कापा.

फोन केला नाहीत ते चांगलं केलंत. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं.

आता गाडीचं. जुना फोर-व्हील ट्रक घेतलात, जमिनीपासून चार इंच उचलून घेतलात, पस्तीस इंची टायर चढवलेत, आणि आता चढ आला की इंजिन रडतं, क्लचचा जळका वास येतो. ज्याने टायर विकले त्याने हे आधी सांगायला हवं होतं. मूळ टायर एकोणतीस इंची होते. चाक मोठं झालं की एका फेरीत जास्त अंतर कापायचं असतं, मग तीच फेरी इंजिनाला जड जाते. दोन्ही ॲक्सलमधले क्राउन आणि पिनियन बदलावे लागतील. पिनियन म्हणजे इंजिनाकडून फिरत येणारं छोटं दातेरी चाक, क्राउन म्हणजे त्याने फिरवलेलं मोठं. तुमच्या गाडीत सध्या पिनियन ३.७३ वेळा फिरतो तेव्हा टायर एकदा फिरतो. हा आकडा वाढवला की गाडीला जोर येतो, पण वेग जातो. बाजारात ४.१०, ४.५६ आणि ४.८८ मिळतात.

कुठला घ्यायचा ते सांगण्याआधी मला तीन गोष्टी कळवा. टायरवर छापलेलं माप नको. गाडीत सामान भरा आणि जमिनीपासून चाकाच्या मध्यापर्यंत तुमच्या टेपने मोजा, कारण वजनाने टायर बसतो. ओझं काय नेणार? डांबरी रस्ता किती आणि कच्चा किती?

कुठे जायचंय ते मी विचारत नाही.

गॅरेजवाली


१४ फेब्रुवारी

मास्तर,

मापं मिळाली. पाव इंचापर्यंत लिहिलीत, सवय काही जात नाही. सामानाची यादीही वाचली. फावडी, पहारी, दोर, पुढे गाडी ओढून काढायचा विंच आणि खड्ड्यातलं पाणी उपसायचा पंप. एवढं घेऊन कोणी हवा खायला जात नाही.

दरवर्षी तुम्ही त्या नाल्यातून पायी जाता हे मला माहीत आहे. आपल्या बॉबीनची व्हॅन जिथे दरडीखाली गेली तिथपर्यंत. आता गुडघे चालत नाहीत म्हणून गाडी. वरच्या वस्त्यांवर औषधं पोचवायची नोकरी तिने घेतली तेव्हा तुम्ही तिला खिशांचं जाकीट शिवून दिलं होतं, आणि मी व्हॅनचे ब्रेक पाहून दिले होते. ब्रेक चांगले होते. डोंगरच खाली आला त्याला कोण काय करणार. दरड उपसायला यंत्रं आली, खालचा रस्ता वाहून गेल्यावर परत गेली, आणि बॉबीन तिथेच राहिली.

असो. गिअरचं बोलते.

तुमचं मन ४.८८ वर आहे असं दिसतं. कोणीतरी डोक्यात घातलंय की जितका मोठा आकडा तितकी गाडी चढते. चढते, खोटं नाही. पण त्यात पिनियनला आठच दात असतात, तो बारीक असतो, आणि दगडात चाक अडकून झटका बसला की तोच तुटतो. शिवाय तुमच्या गावापासून नाल्यापर्यंतचा सगळा रस्ता डांबरी आहे. तेवढा वेळ इंजिन ओरडत राहील, आणि तुम्हाला आधीच कमी ऐकू येतं. ४.१० घेतलात तर क्लच पुन्हा जळेल. हिशोबाने ४.५० ला गाडी मूळच्यासारखी होते. म्हणून ४.५६. पुढे आणि मागे एकच, नाहीतर फोर-व्हील लावताच दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतील. दगडधोंड्यांत गाडी हळू पण जोराने नेणारा लो रेंजचा दांडा टाका, तेवढा जोर पुरतो.

नाला शेवटच्या वळणापर्यंत रुंद आहे. तिथवर पहिल्या गिअरात आरामात जाल. वळणापुढे गाडीचा उपयोग नाही.

कळवा, म्हणजे माल मागवते.

गॅरेजवाली


२२ फेब्रुवारी

मास्तर,

तुमचं एका ओळीचं पत्र आलं. "वळणापुढे काय आहे ते तुला कसं माहीत?"

कालपासून तीनदा लिहायला बसले. एकदा गिऱ्हाईक आलं, एकदा पेन चालेना, एकदा काहीच झालं नाही, तरी उठले.

मी जाऊन आले. पाऊस संपल्यावर. गिऱ्हाइकांना सांगितलं की पार्ट आणायला चाललेय. खालच्या वस्तीतला एक मेंढपाळ वाट दाखवायला आला. तुम्ही त्याआधीच्या उन्हाळ्यात गेला होतात, तेव्हा दरड तशीच होती. आता ती तशी नाही. गेल्या पावसात समोरची बाजूही कोसळली आणि नाला अडला. वळण ओलांडलं की पाणी आहे, मास्तर. या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत, हिरवं, अजिबात न हलणारं. आपली जागा त्याच्या खाली गेली. मेंढपाळाने आधी एकदा दोराला दगड बांधून सोडला होता. म्हणाला, "बाई, दोर संपला, तळ लागला नाही."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. खडकावर बसले, पिशवीतली बिस्किटं खाल्ली, त्यालाही दिली. मग हात धुवायला वाकले. नखांतलं ग्रीस सुटलं आणि पाण्यावर त्याचा तवंग पसरत गेला. तो बघितल्यावर मात्र मला बसवेना. मी ओढणीने पाणी पुसायला लागले. पाणी कधी पुसलं जातं का? मेंढपाळाने हाताला धरून मागे आणलं.

तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला जाण्यासारखी तेवढीच एक जागा होती. ती माझ्या हाताने कशी काढून घेऊ? वाटलं, गुडघे दुखतायत, यंदा जाणार नाहीत, कळायची वेळच येणार नाही. मग तुमचं पत्र आलं की चार इंच उचललेला ट्रक घेतलाय.

आणखी एक. ती गेल्यावर आठवड्याभरात मी गॅरेज उघडलं हे तुम्हाला सहन झालं नाही, आणि तुम्ही दुकानावरच्या खोलीत राहायला गेलात. मी तेव्हा समजावलं नाही. तुम्ही दिवसभर तिच्या खोलीच्या दाराकडे बघत बसायचात. मीही बघत बसले असते तर चूल कोणी पेटवली असती? मला दुसरं काही येत नाही. लोखंड उघडायचं आणि लावायचं, एवढंच येतं.

पंपाने ते पाणी हटणार नाही. फावडी लागणार नाहीत. गिअर हवेत की नकोत ते आता तुम्ही सांगा. नको म्हणालात तरी मला राग नाही.

मी


११ मार्च

मास्तर,

नीट पोचलात ना? काल सगळा वेळ समोर होतात आणि बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते.

गाडी दारात आली तेव्हा मी आधी मागचा हौदा पाहिला. रिकामा होता. तेव्हा समजलं की पत्र पोचलंय. तुम्ही विचारलंत, "कुठले बसवतेस?" मी म्हटलं, "चार छप्पन." "बसव," म्हणालात, आणि स्टूल घेऊन बसलात. उजेड धरायला सांगितलं तर धरलात. दात नीट जुळलेत का ते कळायला मी त्यांना रंग लावून डाग बघत होते, तेव्हा तुम्ही श्वाससुद्धा रोखून धरलात. डाग बरोबर मध्यावर पडला. काम चांगलं झालंय. हे मी माझं कौतुक म्हणून सांगत नाही, तुम्ही एकटे जाणार म्हणून सांगते.

नव्या दातांना एकमेकांची सवय व्हावी लागते. आधी थोडं सपाट रस्त्यावर, हळू, रिकामी चालवा. मग थांबा. हात लावून बघा, गिअरवरचं लोखंडी हाउसिंग पूर्ण गार झालं की पुन्हा. असं काही दिवस. चढ घेऊ नका, ओझं घालू नका, घाई करू नका. त्यानंतर नाल्यात न्या.

निघताना शटरपाशी तुम्ही म्हणालात, "येतेस?" मी पाना पुसत राहिले. तुम्हाला वाटलं असेल ऐकलं नाही. ऐकलं होतं. मी येणार नाही, मास्तर. ते पाणी मला दुसऱ्यांदा बघवणार नाही. तुम्ही जा. बघितल्याशिवाय तुमचा विश्वास बसायचा नाही, आणि बसूही नये. काठावर गाडी उभी करताना हँडब्रेक ओढा आणि चाकामागे दगड लावा. पाण्यात हात घालू नका.

पाचशे किलोमीटर झाले की दोन्ही ॲक्सलमधलं ऑइल बदलावं लागतं. त्यात लोखंडाचा कीस येतो, तो बघायचा असतो. ते दुसऱ्या कोणाकडे करू नका. गाडी इकडेच आणा, दिवसा कधीही. मी घरीच असते.

बॉबीनची आई