कापसाची गरमी

यवतमाळ
फेब्रुवारी २००६

प्रिय विमल,

आधी हे कागद घेऊन मागच्या खोलीत जा आणि दार लोटून घे. निकिताला चहा टाकायला सांग, म्हणजे तीही तेवढा वेळ गुंतलेली राहील. फोन मी मुद्दामच केला नाही. तुमचा फोन ओसरीवर, तुझ्या सासऱ्यांच्या खाटेशी. त्यांना एरवी ऐकू येत नाही, पण बायका हळू बोलायला लागल्या की बरोबर ऐकू येतं. शिवाय मला मुद्द्यावर यायच्या आधी सगळं गाव फिरून यायची सवय आहे, ते तुला माहीत आहे. नात्यानं तू माझी वहिनी, कारण बोरी अरब माझं माहेर आणि सदाशिवभाऊ आमचे शेजारी. पण तू नवी नवरी होऊन आलीस तेव्हा माझं लग्न अजून व्हायचं होतं, आणि तुझे पहिले ब्लाउज मीच शिवले, म्हणून वहिनी कधी तोंडात आलंच नाही.

आधी माझं ऐक. शेहेचाळिसावं लागल्यापासून मी माझ्याच अंगाकडे असं बघते आहे, जसं घरात कुणी नवीन भाडेकरू राहायला आला आहे आणि त्याच्या खोड्या समजून घ्यायच्या आहेत. सुईत दोरा ओवता येत नाही. मशीनवर पंचवीस वर्षं काढली, आता सुई उजेडाकडे धरून मी एक डोळा मिटते आणि दोरा भलतीकडेच जातो. शेवटी शबानाला हाक मारते. सून हसत नाही, पण ओठ दाबून धरते ते दिसतं मला. युनूसचं त्याहून भारी आहे. ते पेपर हात लांब करून वाचतात आणि म्हणतात, हल्ली छापतातच बारीक. हनुवटीवर माझ्या एक जाड केस उगवतो, उपटला की पुन्हा हजर. गुडघे जिना चढताना गप्प असतात आणि उतरताना कुरकुरतात. हे उलटं का, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि ती आग. तुला होते तशीच. छातीतून निघते, गळ्यावर चढते, कान तापतात, आणि कुणी पाहायच्या आत कपाळावर घाम. मी ती येताना लक्ष देऊन पाहते. कधी नुसत्या रागानं येते, कधी चहानं, कधी काही कारण नसताना, गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेताना टेप हातात असताना. आता तर मी बायकांना विचारतेच. दुकानात पडद्याआड माप द्यायला आलेली बाई काय पळून जाणार? तुमचं कधी थांबलं, तुम्हाला झोप येते का, तुम्हाला रडू येतं का. आधी लाजतात, मग अशा बोलायला लागतात की पुढचं गिऱ्हाईक ताटकळतं. माप सगळ्यांचंच बदललेलं असतं. कंबर नाहीशी होते, दंड भरतात, आणि प्रत्येकीला वाटतं की टेलरनंच ब्लाउज घट्ट शिवला.

रमजानची गोष्ट तुला सांगायची राहिली. आमच्यात त्या दिवसांत बाई रोजा ठेवत नाही, राहिलेले रोजे नंतर कधीतरी पुरे करते. तेवढे दिवस आम्ही स्वयंपाकघरात पुरुषांच्या नकळत पाठमोऱ्या बसून खातो. मी आणि शबाना मागच्या वर्षी अशाच एका दिवशी शिळी पोळी आणि लोणचं खात खूप हसलो होतो. यंदा मी वाट पाहत राहिले आणि महिना सरला. ईदचा चाँद दिसला तेव्हा माझा एकही रोजा राहिलेला नव्हता. साद म्हणाला, अम्मीची तब्येत यंदा मस्त आहे. शबाना माझ्याकडे बघत राहिली, तिला समजलं होतं. मला आधी अभिमान वाटला, मग काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. ईदच्या सकाळी शिरखुर्मा ढवळताना डोळे भरून आले आणि मी ते वाफेवर ढकललं.

तुझं माझ्या आधीच थांबलं होतं, गेल्याच्या आदल्या पोळ्यापासून. मी तुला विचारलं होतं, सुटल्यासारखं वाटतं का म्हणून. तू म्हणालीस की सुटका कसली, बाहेर बसायचे ते चार दिवस तेवढे कुणी चहा मागत नव्हतं, आता बाराही महिने मागतात. ते ऐकून मी एसटीत एकटीच हसत होते. तुझ्या ताब्यात देवघर आलं, लोणच्याची बरणी आली, कशालाच शिवायची मनाई राहिली नाही, आणि तू मात्र त्या चार दिवसांच्या आरामाची आठवण काढत होतीस.

मग संक्रांतीला मी वाण घ्यायला आले. तुझ्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. माजघरात आढ्यापर्यंत कापूस, पुढच्या खोलीत कापूस, तुमच्या पलंगाच्या तिन्ही बाजूंनी कापूस. भाव पडलेले, आज वाढेल उद्या वाढेल म्हणून सदाशिवभाऊंनी एक गाडीही हलवली नव्हती. सगळं गावच असं कापसात झोपत होतं आणि अंग खाजवत होतं. तू मला मागं मोरीशी नेलंस आणि तिळगुळाचा हात पुसत सांगितलंस की दिवाळीनंतर तुझं परत सुरू झालं आहे, अधूनमधून अंगावरून जातं, घरात कुणाला सांगितलेलं नाही, सांगितलं तर लेकीच्या लग्नाच्या पापड-कुरडयांना हात लावू देणार नाहीत. मी काही बोलायच्या आत तूच माझी समजूत घातलीस.

"घरभर कापूस भरला हाय, त्याची गरमी आंगात शिरली. कापूस इकला का आपोआप थांबते. तू कायले भेतं?"

मी तेव्हा मान हलवली, कारण मला ते खरंच पटलं. त्याचं कारण हसण्यासारखं आहे. मीही हेच करून बसले होते. आमचं गादीचं दुकान, मागं पिंजायची मशीन, घरात बाराही महिने रुई. मला पहिल्यांदा आग व्हायला लागली तेव्हा मी सगळा आळ रुईवर घातला. युनूसच्या मागं लागून मागच्या खोलीतले गठ्ठे काढायला लावले, स्वतःची गादीसुद्धा उचलून दिली आणि उघड्या फरशीवर चटई टाकून झोपले. गादीवाल्याची बायको चटईवर झोपते म्हणून गल्लीत चर्चा झाली. युनूस बिचारे रुई पावसात भिजू नये म्हणून ताडपत्री शोधत फिरले. आणि मग मी बहिणीकडे पुसदला गेले. रुबीनाच्या घरात रुईचा तंतूही नाही, सिमेंटचं घर, वर पंखा. तिथं पहिल्याच संध्याकाळी चहा पिताना ती आग आली, तशीच, छातीतून कानापर्यंत. गरमी माझ्याबरोबर एसटीत बसून आली होती. परत आल्यावर गठ्ठे आपल्या जागी गेले आणि मी युनूसना कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, शहाणे आहेत.

बोरीहून परतताना पुसदचं हे आठवलं आणि मला चैन पडेना. माझी आग कापसाची नव्हती, तर तुझं अंगावरून जाणं कापसाचं कसं असेल? लालीबाई राठोड म्हणून एक नर्सबाई माझ्याकडून ब्लाउज शिवून घेतात, इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या विभागात असतात. मी नाव न घेता, एक बाई आहे, असं म्हणून विचारलं. मला वाटलं त्या हसतील आणि काढा-बिढा सांगतील. त्यांनी मापासाठी उचललेला हात खाली घेतला.

"वरीसभर बंद राहून परत दिसलं, तर त्याले पाळी म्हनू नका. बहुतेकींचं साधंच निघते. पन साधं हाय का नाही, हे पाह्यल्याबिगर कोनाले समजत नाही."

मग त्यांनी विचारलं, ती बाई कुठं आहे. मी सांगितलं, कापूस विकायची वाट बघते आहे. माप घ्यायचं तसंच राहिलं आणि टेप माझ्या गळ्यात लटकत होता. त्या दिवसापासून मी तुला लिहायला बसते आणि उठते. कसं लिहावं म्हणजे तू घाबरणार नाहीस, आणि कसं लिहावं म्हणजे घाबरशील, हेच मला ठरवता येत नव्हतं. शिवाय मनात यायचं, कापूस जाईल आणि थांबेलही, मी उगाच वेडी.

आता आजचं. सकाळी सदाशिवभाऊ दुकानात आले. कापूस गेल्या आठवड्यात गेला म्हणाले, पडेल त्या भावात, आता ठेवून उपयोग नव्हता. थोडा मागं ठेवून त्याची सरकी काढून आणली आहे, निकिताच्या लग्नाची गादी घरच्या रुईची हवी म्हणून. युनूसनी रुई तोलली, मी चहा दिला, आणि साधं विचारावं तसं विचारलं, विमल कशी आहे.

"घर मोकयं झालं, तरी हे आंगनातच खाट टाकून झोपते. अजून गरमी होते म्हने. मी म्हनलं, आता कायची गरमी?"

त्यांनी तुझी पिशवी दिली. मापाचा ब्लाउज होता, आणि तुझा निरोप, दोन्ही बाजूंनी आत घ्यायचा. परकरही शिवायला सांगितलेस, सगळे गडद रंगाचे, काळे किंवा चॉकलेटी. विमल, तू आजवर माझ्याकडून पांढऱ्या आणि फिकट रंगाशिवाय परकर शिवून घेतला नाहीस. तुझ्या मनात काय आहे ते मला कापडावरून कळतं. कापूस गेला आणि थांबलं नाही, हे तुला माहीत आहे, आता मलाही माहीत आहे. सदाशिवभाऊंना मी काहीच सांगितलं नाही. ते बाजारात गेले आहेत, गादी होईपर्यंत येतील, आणि हे पत्र ब्लाउजच्या पुडक्यात घालून मी त्यांच्याच हातून पाठवते आहे. बायकांचं पुडकं ते उघडणार नाहीत. गुरुवारी लालीबाईंची सकाळची ड्यूटी आहे. निकिताचा मापाचा ब्लाउज द्यायला जाते म्हण आणि पहिल्या एसटीनं ये, मी स्टँडवर असेन, आत तुझ्याबरोबर येईन आणि लाज वाटली तर दोघींनी मिळून लाजू. साधं निघालं तर तुझ्याकडून पुरणपोळी वसूल करीन. मला फार भीती वाटते आहे, म्हणून सांगून ठेवते, गुरुवारी तू उतरली नाहीस तर मी शुक्रवारी बोरीला येऊन ओसरीवर, तुझ्या सासऱ्यांसमोर, सदाशिवभाऊंना सगळं सांगणार आहे. मग माझ्यावर रुसून बस, बोलू नकोस, आयुष्यभर बोलू नकोस. फक्त ते आयुष्य मोठं असू दे.

तुझीच,
जमिला