चिंधाचा जुना आधार

मी, श्रीमती कोकिळा भिकन बैसाणे, वय ६४, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि मर्जीने लिहीत आहे. शरीराबद्दल डॉक्टरांना जे सांगायचं ते त्यांनी सांगितलं. डोकं ठिकाणावर असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मुलगा जीवन होता तोवर गरज वाटली नाही.

१. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि दागिने मुलगी संघमित्रा हिला द्यावेत.

२. दीर रवींद्र यांना काही देऊ नये. जीवनच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, जेवून हात धुताना, "वहिनी, त्याचा कॉम्प्युटर मोडीत देऊन टाका" असं ते म्हणाले होते. हे वाचून त्यांना राग आला तर येऊ द्यावा.

३. जीवन माझा मुलगा. माहिती साठवण्याचं एक सॉफ्टवेअर त्याने लिहिलं आणि कुणीही वापरावं, सुधारावं म्हणून जगाला मोकळं करून दिलं. त्याला नाव ठेवलं आजोबांचं, 'चिंधा'. माझ्या सासऱ्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून त्यांचं नाव चिंधा ठेवलेलं. चिंधीकडे मरण वळून बघत नाही म्हणे. ते नव्वदी पाहून गेले. नातवाचं नाव मात्र आम्ही हौसेने जीवन ठेवलं, आणि तो महामार्गावर ट्रकखाली गेला. मी शिकलेली बाई, असलं काही मानत नाही. तरीही 'चिंधा'चं नाव बदलून कुणी गोंडस नाव ठेवू नये, ही सक्त अट आहे.

४. जीवनमागे 'चिंधा' मी सांभाळला. कोडिंग मला त्यानेच शिकवलं होतं, मी पोळ्या लाटत असताना ओट्यावर बसून. सोबतीला धुळ्याची भाविका आली. गेल्या काही वर्षांत आम्ही जवळजवळ सगळं नव्याने लिहिलं. जीवनच्या हातचा एकच भाग उरला: पायथन या संगणकभाषेच्या जुन्या आवृत्तीवरही 'चिंधा' चालावा, यासाठी त्याने दिलेला आधार. त्या जुन्या पायथनला त्याच्या कर्त्यांनीच कधीचं सोडलं आहे.

भाविका म्हणाली, "काकू, प्रत्येक काम दोनदा करावं लागतं. हा आधार बंद करू. जुन्यावर आता कोण शे?"

"मी शे ना," मी म्हणाले.

'चिंधा'ची जुनी आवृत्ती माझ्याकडच्या जुन्या पायथनच्या संगणकावर तशीच चालत राहील, हे मला ठाऊक होतं. पण नव्या 'चिंधा'त माझ्या लेकराचा हात उरणार नव्हता. माझा जीव तिथे अडकला होता.

५. तो संगणक जीवनचा. नळाच्या पाळ्या त्यातल्या 'चिंधा'त आहेत, आणि पाळीच्या पहाटे तो पाणी आल्याची हाक जीवनच्या आवाजात मारतो, "ऊठ व माय, पानी उनं!" महापालिकेने पाळी कधीच बदलली. मी ती संगणकात बदलली नाही. हाक आली की उठते आणि कोरड्या नळाखाली हंडा लावते. 'चिंधा'ची प्रत्येक नवी आवृत्ती आधी तिथे चालवते. तो बोलला की मगच जगाला देते.

भाविका मला समजवायला मुक्कामी आली, तेव्हा हाक आली. माझ्याआधी तीच हंडा घेऊन धावली. नळ पिळत राहिली आणि म्हणाली, "काकू, पानी ते उनंच नही!" मग माझ्याकडे बघून तिने हंडा तसाच नळाखाली राहू दिला. धुळ्याला जाण्याआधी तिने आधार बंद करण्याचा प्रस्ताव मागे घेतला. तो पितळी हंडा तिला द्यावा.

६. संगणक संघमित्राकडे राहील. तो चालू ठेवण्याची सक्ती नाही. बाळा, तुला ती हाक ऐकवत नाही, मला माहीत आहे.

७. 'चिंधा'च्या प्रकाशनाचे सर्व अधिकार मी भाविकाला देते. माझ्यानंतर तिने जुन्या पायथनचा आधार काढावा. रडत बसू नये, पोरी, काम पुष्कळ आहे. बदलाच्या नोंदीत कारण द्यावं लागतं. तिथे जीवनचं नाव नको, माझंही नको. एवढंच लिहावं: जुन्यावर एक जण होती, आता कोणी नाही.

वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

कोकिळा भिकन बैसाणे
जळगाव, दि. १८ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१. तोताराम अहिरे, निवृत्त मुख्याध्यापक
२. लताबाई सपकाळे, शेजारीण. (हाक यांच्या घरीही ऐकू जाते. यांनी कधी तक्रार केली नाही.)