संग्राहकाचा रकाना

३ फेब्रुवारी
विद्यापीठाचं पत्र आलं. माजी विद्यार्थी मेळावा, वीस तारखेला. आमच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली. वनस्पतिशास्त्र विभागात वाळवलेल्या नमुन्यांचं प्रदर्शन आहे आणि 'एकशे चाळीस वनस्पतींचे संग्राहक' म्हणून मी पाच मिनिटं बोलायचं आहे. छाती फुगली. मग आठवलं. नमुने मी आणि वर्गातल्या बारक्याने मिळून जमवले होते.

४ फेब्रुवारी
खरं म्हणजे बारक्यानेच. मी पिशवी धरायचो. लेबलंही त्याच्याच सुरेख अक्षरात आहेत. ऐन परीक्षेच्या तोंडावर त्याचे वडील आजारी पडले, तो घरी गेला. संग्राहकाचा रकाना मोकळा होता. आपली दोघांची नावं तेवढी घाल, म्हणाला. रकाना अरुंद होता. दोन नावं बसेनात. एकच घातलं. त्यातल्या त्यात आखूड नाव माझं होतं.
पदक मला मिळालं. तो परत आलाच नाही, वडिलांची रोपवाटिका सांभाळत बसला.

७ फेब्रुवारी, सकाळी ६
संकल्प: स्टेजवरून, माइकवर, सगळं सांगून टाकायचं. हिला बोललो. ती म्हणाली, पंचवीस वर्षं काय झोपा काढत होतास? पण सांग, मन हलकं होईल. आत्ताच हलकं वाटतंय. जवळजवळ सांगितल्यासारखंच आहे.

१२ फेब्रुवारी
भाषण सहा मिनिटं होतंय. एक कापावं लागलं. कबुली नेमकी शेवटच्या मिनिटात होती.
तसंही चारचौघांत बारक्यालाच अवघडल्यासारखं होईल. त्यापेक्षा लवकर जाऊन लेबलांवर त्याचं नाव घालीन. बारीक टोकाचं पेन घेतलं.

२० फेब्रुवारी, सकाळी ९.४०
विभागात पोचलो. सगळे नमुने लॅमिनेट केलेत! पानं, लेबलं, सगळं! अरे, शास्त्र आहे की थट्टा? क्लार्कला झापलं. तो म्हणाला, सर, धूळ बसते हो. पेन उमटेना. माणूस प्रयत्नच करू शकतो.

दुपारी १
भाषण झालं. टाळ्या. 'असं काम कुणा एकट्याचं नसतं' हे वाक्य मुद्दाम घातलं. समजायचं त्याला समजेल. बारक्या तिसऱ्या रांगेत होता, शेजारी त्याची मुलगी. दोघंही टाळ्या वाजवत होते.

दुपारी ४, गाडीत बसून
कॉफीच्या वेळी बारक्याने पाठीत धपाटा घातला. काय रे, केस कुठे ठेवून आलास? अगदी पूर्वीसारखाच. त्याला बाजूला घेऊन सांगणारच होतो, तेवढ्यात मुलगी नमुन्यांच्या टेबलावर वाकली. ती यंदा इथेच प्रवेश घेतेय. म्हणाली, बाबा, हे तर तुझं अक्षर! मग नाव काकांचं कसं?
बारक्याने माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. मग तोच म्हणाला, अगं, याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून मी नुसतं लिहून द्यायचो.
म्हणजे तू झाडं शोधायला जायचासच नाही? मग एवढं सगळं सांगायचास ते?
तो हसला. जरा तिखटमीठ लावून सांगायचो गं, म्हणाला.
पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. मी तोंड उघडलं आणि विचारलं, साखर कुठे ठेवलीय?
लाज वाटते. दुसरं काही सुचत नाही.

२१ फेब्रुवारी
आता थेट त्या मुलीलाच सांगायचं. बारक्याचा नंबर विभागातल्या क्लार्ककडे असेल. त्याला फोन लावला, एंगेज. परत लावला नाही. रविवारी लोकांना कशाला त्रास?

२२ फेब्रुवारी
ही माहेरून आली. बॅग खाली ठेवायच्या आत विचारलं, सांगितलंस? तोंडातून हो निघून गेलं. तिचे डोळे भरून आले.
आता आतल्या खोलीत आईशी फोनवर बोलतेय. अगं आई, ह्याने भर सभेत कबूल केलं सगळं. त्याला काळीज लागतं.
मी टीव्हीचा आवाज वाढवला.