माझ्या नावापुढचा आकडा

१४ ऑक्टोबर
दवाखाना, चौथी खाट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. आडवी पडूनच लिहितेय, त्यामुळे या वेळचा साष्टांग अगदी खरा. माझी तब्येत बरी आहे. ऑक्सिजनची नळी काल काढली. शेजारच्या खाटेवरच्या आजी माझ्या वाटची बिस्किटं खातात आणि वर मलाच म्हणतात, "खात जा गं, वाळलीयेस नुसती."

डॉक्टरांनी समजावलं, घाईघाईने उंचावर गेलं की फुप्फुसांत पाणी साठतं. मधल्या तळावर आपले दोन मुक्काम ठरले होते, तू गाडी थेट वर नेलीस. "हवामानयंत्र बसवायला तीनच दिवस कोरडे आहेत," म्हणालीस. मीही हो ला हो केलं. त्याबद्दल तक्रार नाही.

वरच्या दुसऱ्या संध्याकाळी तू आपल्या तुकडीतल्या एकेकाच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन वहीत लिहीत होतीस. माझा अडुसष्ट आला. पंचाहत्तरच्या खाली असेल त्याला लगेच खाली उतरवायचं, हा तुझाच नियम. "तुझी बोटं गार पडलीत, चिमटा फसतोय," म्हणत तू तो स्वतःच्या बोटाला लावलास आणि आलेला शहाऐंशी माझ्या नावापुढे लिहिलास. मी हसले. खोकत खोकत हसले, ताई. वाटलं, मला काम सोडून खाली उतरावं लागू नये म्हणून माझ्यासाठीच करतेयस.

सकाळी तोंडातून गुलाबी फेस आला. तुकडीतल्या वायरमनकाकांनी मला पाठुंगळी घेऊन गाडीत घातलं.

काल आई आली. आल्या आल्या म्हणाली, "दुखणं अंगावर काढायची तुझी खोड कधी जायची? ताईपासूनसुद्धा लपवलंस?" मला आधी कळेचना. मग तिने तू कचेरीला पाठवलेल्या अहवालातलं, तिथूनच तिला कळलेलं वाक्य सांगितलं, 'तिने त्रास लपवला.' पुरावा म्हणून तो शहाऐंशी असलेली वही जोडलीस म्हणे.

तू घाबरून चुकलीस, एवढंच असतं तर मी गिळून टाकलं असतं. लहानपणी तू फोडलेल्या कपांसाठी मी कितीदा मार खाल्लाय. पण मी मरता मरता वाचले आणि तू मलाच खोटं पाडलंस. केसाने गळा कापलास.

उद्या चौकशीचे साहेब येणार आहेत. मी त्यांना अडुसष्ट सांगणार. मी हसले, तेही सांगणार. आईला मात्र अजून काही बोललेले नाही. ताई भेटायला का येत नाही, असं ती सारखी विचारते. ते तिला तूच येऊन सांग, साहेबांच्या आधी.

अजून तरी तुझीच,
धाकटी