चौतीस जिवलग

सोमवार, ४ मार्च
आज सकाळी दवाखान्यात फॉर्म भरला. मी ठणठणीत आहे. बाइंडिंगखान्यात तीन रजिस्टरांना पुठ्ठे उलटे लावले, एवढ्यावरून मालकांनी पाठवलं. जेवण कमी झालंय, ही बायकोची चुगली. फॉर्मात प्रश्न : पंधरा-सोळाव्या वर्षी जवळचे मित्र किती? लिहिलं, चौतीस. अख्खा वर्ग! डॉक्टरीणबाईंनी एकाचं नाव विचारलं. म्हटलं, एकाचं घेतलं तर तेहतीस रुसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्या वयात एकटं पडलेल्यांना पुढे कधी कधी उदासी गाठते. बाई चुकीच्या माणसाला सांगत होत्या.

मंगळवार, ५. पहाटे पाच
संकल्प : बाईंनी पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय, तेव्हा एक मित्र पुराव्यादाखल दवाखान्यात हजर करायचा. देवाला सांगितलं. तो नेहमीसारखा समंजसपणे गप्प.

शुक्रवार, ८
कबड्डीच्या कॅप्टनला फोन. ओळखेना. आठवण दिली : तुम्ही खेळायचात तेव्हा सगळ्यांच्या चपला मी सांभाळायचो. केवढा विश्वास! लगेच ओळख पटली. म्हणाला, अरे, माझी नवी जोडी हरवलीस तो तूच का? बत्तीस वर्षं लक्षात ठेवलं! याला म्हणतात जिव्हाळा. यायला मात्र सवड नाही म्हणाला.

रविवार, १०
बाकावरच्या शेजाऱ्याला फोन. आता हेडमास्तर आहे. मी काही बोलायच्या आत माफीच मागू लागला. म्हणाला, दहावीत तुझ्याशी कुणी बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, वर्षभर पाळलं, फार वाईट केलं रे. म्हटलं, छे, मला पत्ताच नव्हता. मला वाटायचं, वर्ग अभ्यासू आहे. खूप हसलो. फोन ठेवल्यावर डोळ्यांत पुठ्ठे चिकटवायची खळ उडाली. बाइंडिंगखाना बंद होता, तरी.

बुधवार, १३
मित्र मिळाला नाही. बायको म्हणाली, मी येते. समजावलं, तू घरची, तुझी साक्ष धरणार नाहीत. म्हणाली, अहो, आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडता, ते दुसऱ्या कुणी पाहिलंय का? विषय बदलला.

गुरुवार, १४
बायको बाहेर बसली. मी आत. सुखी बालपणावर चार पानं लिहून नेली होती. खिशातून काढलीच नाहीत. बाईंनी विचारलं, कसं वाटतंय? सांगून टाकलं, बरं नाही वाटत. बरेच दिवस.

पुढे काही सुचेना. त्यांनी घाई केली नाही. मीही उठलो नाही.