रांगेतून हलू नकोस

५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शोध कचेरीतून काल तुझा पत्ता आला. तिथल्या बाई सांगत होत्या, की तू हरवल्याचं साफ नाकारलंस. म्हणे, मी हरवले नाही, सांगितलं तिथंच बसले आहे. मग मात्र माझी खात्री पटली.

एक बातमी आधी सांगायला हवी. आई गेली. मागच्या महिन्यात, झोपेत. फार त्रास झाला नाही. पत्ता तिच्या मागून आला, याबद्दल कचेरीने शिक्क्यानिशी दिलगिरी कळवली आहे.

लढाई पेटली त्या सकाळी आई तुला घ्यायला रॉकेलच्या दुकानाकडे धावली होती. तिथं रांग नव्हती, रस्ताही नव्हता. मोठी शहाणी आहे, घरची वाट तिला पाठ आहे, असं म्हणत ती मला घेऊन घरी येऊन बसली. तेव्हापासून आम्ही घर एकटं सोडलं नाही. एक बाहेर गेली की दुसरी घरात. दाराला कुलूप कधी लावलं नाही. तू आलीस आणि दार बंद दिसलं तर? मी घरबसल्या शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते, तेही त्यासाठीच. आईला पोचवायला शेजारी गेले. मी दाराशी बसले होते. लोकांना ते बरं दिसलं नाही.

आता तू ये. तुझ्या बाजूची खिडकी अजून नीट लागत नाही.

न लिहिताही लोभ टिकला आहे, तो तसाच असू दे.

तुझी,
धाकटी


१९ मार्च

चि. भुणभुणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तुझंच ना? दिवसभर कानाशी भुणभुणणारी तू, आणि आईची बातमी दोन ओळींत उरकलीस. इस्त्री करताना मी इस्पितळाची एक चादर जाळली. मुकादम ओरडला नाही, तेव्हा माझा चेहरा कसा झाला असेल ते मला कळलं.

आता माझं ऐक. त्या सकाळी आईने माझ्या हातात रॉकेलचा डबा दिला आणि बजावलं, रांगेतून हलू नकोस, मी आलेच. लष्कराच्या ट्रकने अख्खी रांग उचलली आणि या इस्पितळाच्या फाटकाशी आणून सोडली. खाली उतरूनही आम्ही रांगेतच उभे राहिलो. हळूहळू बाकीचे पांगले, मी थांबले. मध्ये सरहद्द पडली, टपाल बंद झालं, तरी थांबले. इस्पितळाच्या धुलाईघरात काम धरलं, कारण तिथल्या खिडकीतून फाटक दिसतं. पुढे लग्न झालं, नवऱ्याला दुसऱ्या गावी बढती मिळाली. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, आई आली की आम्ही दोघी येतो. तो झाला पुढे. माणूस भला होता, पण त्याला रांगेची सवय नव्हती.

म्हणजे तुम्ही तिथं माझी वाट पाहत होता आणि मी इथं तुमची. घरात एवढ्या शहाण्या बायका, आणि चालायचं कुणी ते ठरलंच नव्हतं!

डबा अजून आहे. माझा नंबर काही लागला नाही.

आशीर्वाद सगळे तुलाच. वाटून घ्यायला आता दुसरं कुणी नाही.

ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सरहद्द उघडल्याचं जाहीर झालं, त्या दिवशी आईने चपला घातल्या होत्या. जिन्यापर्यंत गेली आणि परत फिरली. म्हणाली, वाट मोकळी झाली म्हणजे ती निघालीच असेल, आता मी गेले तर चुकामूक व्हायची. त्यानंतर आठवडाभर ती दोन माणसांचा जास्त स्वयंपाक करत होती. दुसरा कुणासाठी, ते मी विचारलं नाही. बहुधा नवऱ्यासह येशील असं तिने धरलं असावं.

बस आता रोज सुटते. तिकीट पाठवू का?

तुझी,
धाकटी


१४ एप्रिल

चि. भुणभुणीस,
अनेक आशीर्वाद.

तिकीट पाठवू नकोस. मी येणार नाही.

रागावलेली नाही. पाय धड आहेत, वाटही अजून पाठ आहे. पण मी आपल्या पायांनी आले, तर मला न्यायला कुणी आलं, असं या जन्मात व्हायचं राहूनच जाईल. एकदा कुणीतरी यावं. आई नाही, तर तू. म्हातारपणी हट्ट करते आहे म्हण हवं तर. तुला दार सोडवत नसेल तर तसं कळव. मी समजेन. चादरी आहेतच.

ताई


२३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल कुलूप आणलं. घराच्या दारासाठी म्हटल्यावर दुकानदार हसला. इतकी वर्षं काय करत होता, म्हणाला. घरचं माणूस यायचं होतं, असं मी सांगितलं. आलं का, असं त्याने विचारलं. नाही, आणायला चालले आहे, म्हटलं. त्याने कुलूप दोनदा उघडून, लावून दाखवलं. दाराला बाहेरून कोयंडाच नव्हता, तो सुताराकडून आज सकाळी बसवून घेतला. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवणार होते. पण आता यायचं कुणी उरलेलं नाही, म्हणून बरोबरच घेतली आहे.

सोमवारच्या बसने निघते. डबा हातात धर, म्हणजे मला ओळखता येईल.

आणि फाटकापासून हलू नकोस. मी आलेच.

धाकटी