क्रमांक ८८

५ फेब्रुवारी

अनुदान खात्याचं पत्र. वीस तारखेला अधिकारी येणार, संस्थेची सगळी चित्रं एका जागी मोजणार. एकशे त्रेचाळीस. एक जरी कमी भरलं तर चित्रं घरोघरी देणं बंद – सगळी कुलपात ठेवायची, तरच पुढचं अनुदान.

डोकं फिरलं. सव्वीस वर्षं आम्ही तीन-तीन महिन्यांसाठी चित्रं लोकांच्या घरी देतो. ज्यांच्या भिंतीवर कॅलेंडरशिवाय कधी काही लागलं नाही, त्यांच्या घरी. यासाठीच तर संस्था काढली. चित्र बघायला वेळ लागतो, तो प्रदर्शनात उभ्या-उभ्या मिळत नाही – किती व्यासपीठांवरून सांगितलं असेल मी हे! कुलपातलं चित्र म्हणजे नुसतं रंग लावलेलं कापड. (वाक्य बरं जमलंय. वीस तारखेला वापरायचं.)

८ फेब्रुवारी

सत्त्याण्णव परत आली. खिळेमामा – आमच्याकडे चित्रं टांगतात, तोंडात कायम दोन खिळे – हातगाडी घेऊन फिरताहेत. एका आजोबांनी चित्र पुसलं, चादरीत गुंडाळलं आणि विचारलं, "परत मिळेल ना?" मी म्हटलं, मिळेल. कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे.

संध्याकाळी बाबांच्या खोलीतून हाक, "किती झाली, व्याख्यानबाई?" जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी. चार वर्षांपूर्वी पडले, तेव्हापासून खाटेवर. दारातूनच आकडा सांगितला, गोळी मावशींच्या हातात दिली. बाबांचं सगळं मावशीच करतात. त्या नसत्या तर माझी एकही सभा झाली नसती.

१३ फेब्रुवारी

एकशे बेचाळीस! राहिलं फक्त ८८ – 'तीन सदरे'. दोरीवर वाळणारे तीन सदरे, मागे पिवळी भिंत, बस्स. चित्रकार हयात नाही, त्याचं आमच्याकडे हे एकच. नोंदवहीत शेवटचं नाव शिवणकाम करणाऱ्या ताईंचं. परत आल्याची नोंद नाही.

१४ फेब्रुवारी

ताईंकडे गेले. "मी कधीच परत दिलं, बाई. तुमच्याच हातात दिलं."

तिथेच उभी राहिले आणि बोलले. सार्वजनिक वस्तू म्हणजे काय, एकाच्या हलगर्जीपणापायी शंभर घरांच्या भिंती कशा ओस पडतात, वगैरे. दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोर. मशीन थांबलं. ताईंनी हातातल्या कापडाची घडी घातली. "झालं?" एवढंच म्हणाल्या.

जिना उतरताना मी स्वतःवर खूश होते.

१५ फेब्रुवारी

"किती झाली?"

"एक राहिलंय, बाबा. अठ्ठ्याऐंशी."

"सगळी घरं बघितलीस?"

"सगळी."

"नीट बघ. तुझं बघणं घाईचं असतं."

दारातूनच हं म्हटलं. फोन वाजत होता.

१७ फेब्रुवारी

मावशींची मुलगी आजारी, त्या आल्या नाहीत. बाबांना भरवायला मी बसले. त्या स्टुलावर मी शेवटची कधी बसले होते, आठवेना. मऊ भात, तरी एकेक घास गिळायला त्यांना फार वेळ लागतो. मधल्या वेळात काय करायचं म्हणून समोर बघितलं.

तीन सदरे.

दवाखान्यातून बाबांना आणलं तेव्हा ही खोली नुसती पांढरी होती. बघवेना. त्याच दिवशी ताईंनी परत आणून दिलेलं चित्र तसंच उचललं, इथे आणून लावलं. नोंद नंतर करू म्हटलं. चार वर्षं मी रोज या दारात उभी राहते. रोज.

चमचा माझ्या हातात तसाच.

"घास," बाबा म्हणाले.

१८ फेब्रुवारी

ताईंकडे. मी तासभर कागदाशिवाय बोलणारी – आज चार शब्द जुळेनात. "चूक माझी. चित्र माझ्याच घरी होतं."

ताईंनी शिवण संपवली, दोरा दातांनी तोडला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी गिऱ्हाइकं होती. आजही येतील कपडे न्यायला. बसा. त्यांच्यासमोर म्हणा."

पाऊण तास बसले. दोघी आल्या. म्हटलं. मग ताईंनी पाणी दिलं. "मधल्या सदऱ्याच्या काखेत ठिगळ आहे," त्या म्हणाल्या, "बारीक टाक्यांचं. बघितलंत का तुम्ही?"

नव्हतं बघितलं.

१९ फेब्रुवारी

ठिगळ आहे.

मी चित्र खाली काढलं. "ने," बाबा म्हणाले. "एवढं काही खास नाही. माझ्या पाट्या बऱ्या होत्या." मग बराच वेळ रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिले.

२० फेब्रुवारी

एकशे त्रेचाळीस!

अधिकारी शांत माणूस निघाला. प्रत्येक चित्र उलटं करून पाठीवरचा क्रमांक वाचत होता, टिक करत होता. भाषणाची वेळच आली नाही. बाहेर ते चादरवाले आजोबा सकाळपासून थांबलेले. अधिकाऱ्याने त्यांना विचारलं, काय काम आहे, आजोबा? ते म्हणाले, "माझं चित्र न्यायला आलोय." माझं म्हणाले. अधिकाऱ्याने लिहिलं – चित्रं घरी देणं चालू ठेवायला हरकत नाही. खिळेमामांनी तोंडातले खिळे काढले, म्हणजे हसले.

जाताना अधिकारी म्हणाला, "मागचे आकडे कोणी काढलेत? छापल्यासारखे आहेत."

"माझ्या वडिलांनी. नवं चित्र आलं की आधी त्यांच्याकडेच जायचं."

८८ तेवढं उलटं करून पुन्हा बघितलं. दोन आठ, दोन्हींची पोटं अगदी सारखी.

२१ फेब्रुवारी

८८ पुन्हा त्याच खिळ्यावर. या वेळी नोंद केली – माझं नाव, तीन महिने. मग स्टूल ओढून बसले.

"तुम्हाला माहीत होतं, बाबा."

"नंबर मीच रंगवलाय."

"मग सांगायचं नाही?"

"एकोणीसला सांगणारच होतो." नजर सदऱ्यांवर. "म्हटलं, शोधत शोधत इथवर येशील. बसशील जरा."